न विचारणारा पेनड्राइव्ह

कोरपना,
रविवार, दुपार

प्रिय रंजीता,

तुझा भाऊ अंकुश उद्या बाजाराला खाली येईल तेव्हा हे पाकीट त्याच्या पिशवीत घालणार आहे. उघडू नको म्हणून बजावणार आहे. उघडलं तरी आता माझं काय जायचं राहिलंय म्हणा, गावाला कळणारच आहे. पण सगळ्यांच्या आधी तुला कळावं, एवढीच इच्छा. अंगणवाडीतली पोरं घरी गेली की दार ओढून घे आणि एकटी वाच. फोनवर का नाही सांगितलं विचारशील. तुमच्या टोल्यावर, वरच्या त्या वस्तीत, रेंज येते ती त्या एका खडकावर, आणि तिथे आधीच चार जण कानाला फोन लावून उभे असतात. पण हे झालं सांगायचं कारण. खरं म्हणजे फोनवर तू 'बोल ना वो' म्हणालीस की मी कापसाला भाव काय, तुमच्याकडे थंडी किती, असलं काहीतरी बडबडते. सहा वर्षं तेच चाललंय. कागदावर बडबड करायला हात दुखतो, म्हणून कागद घेतला.

गोष्ट त्या लॅपटॉपची आहे. तू लगेच म्हणशील, मिटलं ना ते, काऊन उकरतेस. मिटलं ते चुकीच्या माणसावर मिटलं, रंजी. आता सरळ सांगावं तर सांगताही येत नाही, माझी जीभ तुला माहीत आहे. मूळ सोडून फांद्यांवर फिरते. तर थोडी फिरू दे.

चंद्रपूरच्या वसतिगृहात तू आलीस तो दिवस आठवतो का? मी सहा महिने आधी आलेली, म्हणजे स्वतःला तिथली मालकीणच समजायची. बाबा सिमेंटच्या कारखान्यात पॅकिंगला, म्हणून मला वाटायचं की मशीन म्हणजे काय ते आमच्याच घरी जन्मलं. तू जिवतीच्या डोंगरावरून आलीस, पाठीवर पिशवी, पिशवीत चारोळी, आणि तोंडातून शब्द नाही. मी तुला पंख्याचं बटन कुठलं ते शिकवलं. तू हसून म्हणालीस, आमच्या शाळेतबी पंखा होता, वारा नव्हता. त्या दिवशी आपली गट्टी जमली. चौदा एप्रिलला तू माझ्यासोबत कोरपन्याला आलीस, आईने तुला माझ्यासारखीच पांढरी साडी नेसवली, मिरवणुकीत बायका विचारत होत्या, ही दुसरी पोरगी कोणाची वो? आई म्हणाली, माझीच. हे सगळं मी आज मुद्दाम लिहिते आहे. पुढचं वाचल्यावर तुला हे आठवावंसं वाटणार नाही कदाचित. मला मात्र राहून राहून हेच आठवतं.

वसतिगृहातली इस्त्री, मेसचा मिक्सर, रेक्टरबाईंचा रेडिओ, सगळं मी उघडायची. निम्मं दुरुस्त व्हायचं. तू मात्र येईल त्याला सांगायचीस, ही मशीनची डॉक्टर. त्या नावाची मला चटकच लागली. कॉम्प्युटरचा कोर्स संपल्यावर श्रीहरीभाऊंच्या दुरुस्तीच्या दुकानात चिकटले तेव्हा तिथे मी एकटीच बाई. भाऊ सिरोंच्याचे, तेलुगू-मराठी मिसळून बोलायचे, मला अम्मा म्हणायचे आणि मनापासून शिकवायचे. पण गिऱ्हाईक काउंटरवर यायचं, मला बघायचं आणि विचारायचं, दुकानात कोणी नाई का? मी समोर उभी असताना. दिवसातून चार वेळा. त्यामुळे काम हातात आलं की ते झटकन, न बघितल्यासारखं करून दाखवायची मला खोड लागली होती. जो काम जाणतो तो सावकाश करतो, असं भाऊ सांगून थकले. मी ऐकते कशाला.

आणि इकडे तुम्ही डोंगरावर सीमा फिरत होता. गावाच्या जंगलावर सामूहिक हक्काचा दावा टाकायचा, तर गावाची हद्द कुठून कुठवर ते दाखवायला हवं. वरच्या अंगाची, झऱ्याच्या बाजूची हद्द बऱ्याच जणांना ठाऊक. पण डोंगराच्या पलीकडचा उतार, जिथे तुमचं पेनठाणं, तुमच्या देवाची जागा आहे, तिथला एकेक दगड, एकेक नाला फक्त इसरू आजाला माहीत. पंचाहत्तरीचा म्हातारा अकरा दिवस काठी टेकत चालला आणि तू मागे मोबाइलवर व्हिडिओ घेत. या दगडाला काय म्हणतात, इथे कोणाच्या आजोबाने वाघ पाहिला, या मोहाखाली कोणतं घर फुलं वेचायचं. तू मला फोनवर सांगायचीस, आज चौदा नावं मिळाली, आज बावीस. मोबाइल भरला की सगळं ग्रामसभेच्या लॅपटॉपमध्ये टाकायचीस आणि मोबाइल रिकामा करायचीस. आजा आषाढात गेला. त्याचा फोटो कधी कोणी काढला नव्हता. तो चालताना, बोलताना होता तो तेवढ्या एका मशीनमध्ये.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी तुम्ही लॅपटॉप घेऊन दुकानात आलात. तू, तुझी आई बुधरीबाई, वनहक्क समितीचे लटारूभाऊ आणि आजाची बायको सोमारी आजी. आजी फक्त एवढ्यासाठी आली होती की मशीन चांगलं झालं की त्याला पडद्यावर बघायचं. लॅपटॉप सुरू व्हायलाच बारा मिनिटं घ्यायचा. मी म्हटलं, विंडोज नव्याने टाकते, पळायला लागेल. तू विचारलंस, आधी सगळं दुसरीकडे कॉपी करून घेऊ का? मी हसले. म्हटलं, काही गरज नाही, मी फक्त सी ड्राइव्ह पुसते, तुझं सगळं डी मध्ये आहे, त्याला हात लागत नाही. हे बरोबरच होतं. रोजच तसं करायचो आम्ही.

आता नीट ऐक, हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मशीन सुरू होताना एफ-बारा दाबलं की ते विचारतं, कुठून सुरू होऊ? स्वतःच्या डिस्कवरून, की बाहेरून खोचलेल्या पेनड्राइव्हवरून? यादी येते, बाण खालीवर करून आपण एक नाव निवडायचं. दुकानात आमच्याकडे दोन पेनड्राइव्ह होते. एक साधा, पावलोपावली विचारणारा. कोणत्या भागात टाकू, काय पुसू, नक्की ना? दुसरा आम्ही एका शाळेच्या चाळीस मशीनसाठी बनवला होता. प्रत्येकासमोर बसून उत्तरं देत राहिलं तर आठवडा गेला असता, म्हणून भाऊंनी सगळी उत्तरं आधीच त्यात भरून ठेवलेली. त्याच्यावरून मशीन सुरू झालं की ते कोणाला काही विचारत नाही. पूर्ण डिस्क साफ करतं आणि कामाला लागतं. दोन्ही एकाच कंपनीचे, दोन्ही काळे, यादीत दोघांचं नावही सारखंच. म्हणूनच भाऊंचा नियम होता, मशीनला एका वेळी एकच पेनड्राइव्ह. दुसरा खोचलेला दिसला तर त्या दिवशीचा चहा बंद.

त्या दिवशी मी दोन्ही खोचले. वायफायचं सॉफ्टवेअर शाळेवाल्या पेनड्राइव्हवर होतं, ते शेवटी लागणार, मग पुन्हा कोण उठणार म्हणून. तू मागे लटारूभाऊंना सांगत होतीस, ही माझी मैत्रीण, मशीनची डॉक्टर, दोन मिनिटात करते पाहा. लटारूभाऊ माझ्या बोटांकडे बघत होते. यादी आली. सारखी दोन नावं, एकाखाली एक. साधा आधी खोचला म्हणजे वरचा तोच, असं मी धरून चालले. यादी तशी लागत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. एक उपसून काढायला किती वेळ लागला असता? पण लटारूभाऊंना वाटेल की हिला येत नाही, चाचपडते आहे. मी बाण हलवला, एंटर मारलं आणि तुझ्याकडे वळून हसले.

पुन्हा पडद्याकडे बघितलं तेव्हा त्याने काही विचारलेलं नव्हतं. निळा पडदा, फायली कॉपी होत आहेत, सात टक्के. बटन दाबून धरलं ते मशीन काळं होईपर्यंत. मग पडदा माझ्याकडे वळवून घेतला आणि उगाच कळा दाबत बसले. भाऊ आतून ओरडले, काय झालं अम्मा? मी म्हणाले, भाऊ, डिस्क उठत नाही. आवाज येतो आहे खरखर. कसला आवाज आणि कसलं काय. भाऊ आतूनच म्हणाले, व्होल्टेजचा मार बसला असंल, खेड्यातून आलेल्या मशीनचं असंच होते. आणि तू, माझी बाई, तू तिथेच म्हणालीस, परवा सोलरच्या बॅटरीवर मीच लावला होता चार्जिंगला. ठिणगी उडाली होती, मशीन बंद पडलं होतं. भाऊ म्हणाले, मग तेव्हाच मार बसला, आज जीव गेला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला फक्त मान हलवायची होती. मी हलवली.

तुझा चेहरा मी बघितला नाही असं मी स्वतःला सांगत आले, पण बघितला होता. सोमारी आजीला कोणीतरी गोंडीतून समजावलं. तिने लुगड्याच्या पदराने लॅपटॉपवरची धूळ पुसली आणि उठली. भाऊंनी डिस्क तपासायला मागितलीही नाही. तू म्हणतेस तर गेली, असं म्हणाले. माझ्यावर कोणी एवढा विश्वास टाकला तो नेमका त्याच दिवशी. मी नवी डिस्क टाकली, जुनी भंगाराच्या पोत्यात टाकली.

याच्याही पुढचं आहे, आणि तेच मला गिळता येत नाही. भंगारवाला महिन्यातून एकदा यायचा. ती डिस्क एकोणीस दिवस त्या पोत्यात होती. भाऊंच्या ओळखीचा नागपूरचा एक माणूस पुसलेल्या डिस्कमधूनही बरंच काही काढून द्यायचा. सात टक्क्यांवर थांबवलेली डिस्क म्हणजे तुझ्या अकरा दिवसांतलं बहुतेक सगळं आत होतं, रंजी. एकदा भाऊंना म्हणायचं होतं, भाऊ, माझ्या हातून चुकलं. ते रागावले असते, दोन दिवस चहा बंद झाला असता आणि डिस्क नागपूरला गेली असती. मी रोज सकाळी दुकान झाडताना पोत्याला वळसा घालून झाडायची. विसाव्या दिवशी पोतं गेलं आणि मला, खरं सांगते, हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही किळस येते.

मग गाव सभेला बसलं. तुला कोणी बोलावलं नव्हतं, तूच उभी राहिलीस आणि म्हणालीस, माझ्या हातून झालं. तुमच्या गावाची रीत मला तेव्हा कळली. चूक कबूल केली की दंड, दंड म्हणजे साऱ्या गावाला एक वेळचं जेवण, आणि गाव जेवून उठलं की विषय संपला. पुन्हा जो काढील त्याच्यावर दंड. किती शहाणी रीत आहे. आमच्याकडे लोक सात पिढ्या उगाळतात. पण त्या जेवणाला तू मलाही बोलावलंस. का, तर दीपाने एवढी खटपट केली आपल्यासाठी. आणि मी आले. येऊ नये एवढीही अक्कल नव्हती, नाही आले तर संशय येईल एवढी मात्र होती.

पळसाच्या पत्रावळीवर घरच्या ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, कोंबडा. तुझी आई आणि तू पहाटेपासून चुलीपाशी. माझ्या शेजारी सोमारी आजी बसलेली. तू वाढत वाढत माझ्यापाशी आलीस, तुझे डोळे धुराने लाल होते, मी धुरानेच म्हणते, आणि म्हणालीस, घे वो, लाजू नको. मी घेतली. तीन भाकरी खाल्ल्या रंजीता, पानात टाकलं तर दिसेल म्हणून. दंड तू भरलास आणि तुझा दंड मी पोटभर जेवले. हात धुतल्यावर लटारूभाऊ म्हणाले, झालं, मिटलं. मला वाटलं, चला, आता तर कोणी विचारणारच नाही. तुमची एवढी चांगली रीत, मी तिच्याआड लपून बसले.

पुढचं तुला माहीत आहे. पलीकडचा उतार वगळून दावा गेला, कारण तिथली नावं सांगणारं कोणी उरलं नव्हतं. कागदावर गावाची हद्द नाल्यापाशी संपली. आता पेनठाण्याला जाताना तुम्ही नाला ओलांडता तेव्हा पाहुण्यासारखं वाटतं, असं तू एकदा म्हणालीस आणि लगेच हसून दुसरं काही बोललीस. तुला कोणी एका शब्दाने टोचलं नाही. पण तू स्वतःला सोडलं नाहीस. अंगणवाडीचा सरकारी फोन तू मदतनीस बाईला देऊन टाकतेस, माझ्या हाताले मशीन सहन नाई होत म्हणतेस. चौदा नावं, बावीस नावं टिपणारी तू. ग्रामसभेचं सगळं काम अंकुशकडे गेलं. त्याला येतं तितपत येतं, रागावू नको.

मी इथे कोरपन्यात स्वतःचं दुकान टाकलं. मशीन हातात घेतलं की खोचलेलं सगळं उपसून टेबलावर मांडते. गिऱ्हाइकाला तीनदा विचारते, पुसू का, पुसू का, खरंच पुसू का. पोरं चिडवतात, ताई लग्नालाबी तीनदा विचारशील का? मी हसते. मला वाटायचं हेच माझं प्रायश्चित्त. कसलं प्रायश्चित्त! पश्चात्ताप मी माझ्या दुकानात बसून करायचा आणि शिक्षा तू तुझ्या घरी भोगायची, याला काही अर्थ आहे का?

गुरुवारी अंकुश दुकानात आला. राहिलेल्या उताराचा नव्याने दावा टाकायचं ठरलंय, आणि ही बाजू पहिल्या वेळी का दाखवली नाही याचा खुलासा सोबत जोडायचा आहे, असं त्याने सांगितलं. तू लिहिलेला खुलासा दाखवला. तुझं ते गोल गोल अक्षर: माझ्या निष्काळजीपणामुळे पुरावा नष्ट झाला. खाली तुझी सही. त्याला माझ्याकडून दोन ओळी हव्या होत्या, दुकानाच्या कागदावर, शिक्का मारून, की चुकीच्या चार्जिंगमुळे डिस्क जळाली. म्हणाला, ताई म्हणे, दीपा नाई म्हणणार नाई. मी त्याला म्हटलं, शिक्क्याची शाई संपली आहे, सोमवारी बाजाराला आलास की ये. शाई काठोकाठ भरलेली होती. तुझा कागद तो माझ्याकडेच ठेवून गेला. तीन दिवस तो समोर घेऊन बसले आणि आज सकाळी फाडला. दोन ओळी मी लिहिल्या आहेत, या पत्रासोबत आहेत: मशीन सुरू करताना मी चुकीचा पेनड्राइव्ह निवडला, पुरावा माझ्या हातून पुसला गेला आणि मी ते सर्वांपासून लपवलं. खाली माझं पूर्ण नाव आणि शिक्का. याने दाव्याला मदत होईल की अडचण, मला कळत नाही. पण कार्यालयात तुझं नाव या पापाखाली लागायचं नाही. बुधवारी तुमची सभा आहे, मी येते. लटारूभाऊंना आधी सांगून ठेव, मिटलेला विषय मी काढणार आहे, त्याचा दंड वेगळा लागला तरी माझी ना नाही. सोमारी आजीला मी स्वतः सांगेन, तू मध्ये पडू नकोस. ज्वारी मी इथून दळून आणते, चुलीपाशी मी बसेन, आणि साऱ्या गावाला वाढेन. तू पंगतीला बसायलाच हवंस असं माझं म्हणणं नाही. पान मात्र मी तुझं मांडून ठेवीन.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
दीपाली